चेहरा दिलात, नावही राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात इथल्या फिल्म सोसायटीत श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) पुन्हा पाहिला. कोंबडीच्या मागे जीव खाऊन पळणारी लहानगी उषा आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी उरलेली मोठी उषा, म्हणजे स्मिता पाटील. दिवे लागले तरी कुणी उठेना. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने विचारलं, “काकू, ही उषा खरंच होती का हो?”

होती. पण ती उषा नव्हती, जुन्या मराठी चित्रपटांतली अभिनेत्री हंसा वाडकर होती. ‘संत सखू’तली सखू, ‘लोकशाहीर रामजोशी’तली बया. ‘सांगत्ये ऐका’ हा त्यांचा चित्रपट पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. पुढे त्याच नावाने त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, संसाराच्या होरपळीपासून दारूपर्यंत काहीही न लपवता. ‘भूमिका’ त्यावरच बेतलेला. त्या मुलीने हंसाबाईंचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

नाव बदलण्यामागची अडचण कळते. दिग्दर्शकाला मोकळीक हवी असते, घरच्यांचाही विचार करावा लागतो. ‘भूमिका’ तर मला अतिशय प्रिय आहे. पण आज आपण म्हणतो, स्मिताचा ‘भूमिका’, बेनेगलांचा ‘भूमिका’. जिने हे सगळं सोसलं आणि छापून येऊ दिलं, तीच यातून गळाली.

याउलट रीना मोहन यांचा माहितीपट. विषय आपल्या पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्रींपैकी एक, कमलाबाई गोखले, आणि नावही सरळ ‘कमलाबाई’. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने केली होती. त्याच १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई मोहिनी झाल्या, आई दुर्गाबाई कामत पार्वती. तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही. पण म्हाताऱ्या कमलाबाई जुन्या नाटकांतली भाषणं कॅमेऱ्यासमोर म्हणून दाखवतात, ती मिळतात. दुर्गाबाईंवर असं काही व्हायला हवं होतं.

विस्मरणात गेलेल्या बायकांवर चित्रपट करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पात्राचं नाव खुशाल बदला, पण शेवटी पडद्यावर तिचा खरा फोटो आणि पूर्ण नाव येऊ द्या, वाचून होईल इतका वेळ.

पुढच्या महिन्यात ‘रामजोशी’ लावा, असं सोसायटीत सांगून आले आहे. त्या मुलीलाही बोलावलं आहे.

आपली,
एक वाचक, पुणे