डेमो नको, टेस्ट घ्या: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो. सरकारी हॉस्पिटलांत ई-हॉस्पिटल, ई-सुश्रुत अशा कॉम्प्युटरवर पेशंटच्या नोंदी ठेवायच्या सिस्टिम आल्यात, डॉक्टरांचं अक्षर लावत बसायचा ताप वाचतो, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण औषधं कॉम्प्युटरवर लिहायला सुरुवात करायच्या आधी ती सिस्टिम सेफ आहे का हे त्याच हॉस्पिटलात तपासून घ्या, कंपनीने एसी हॉलमध्ये डेमो दिला आणि सही-शिक्का झाला म्हणजे तपासणी झाली असं नसतं.

आता बघा, स्क्रीनवर 'मेट' टाइप केलं की यादी उघडते, मेटफॉर्मिन, मेटोप्रोलोल, मेट्रोनिडाझोल. एक शुगरचं, एक बीपीचं, एक इन्फेक्शनचं, आणि ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असताना बोट एक ओळ खाली पडायला कितीसा वेळ लागतो? त्याहून भीती मेथोट्रेक्सेटची. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज गेली तर रक्त तयार करणाऱ्या बोनमॅरोवर परिणाम होऊन माणूस दगावू शकतो, आणि सिस्टिमने पुढच्या खान्यात आपोआप 'रोज एकदा' भरून ठेवलं तर? हाताने लिहिलेलं लागलं नाही तर आम्ही निदान फोन करून विचारतो, छापून आलेली चूक मात्र बरोबरच वाटते.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलात 2002 साली अशी सिस्टिम आली. बाहेरून तिथे हलवलेल्या मुलांमधला मृत्युदर 2.80 टक्क्यांवरून 6.57 टक्क्यांवर गेला, आणि हे तिथल्याच डॉक्टरांनी 2005 मध्ये छापलं. आधी अँब्युलन्स वाटेत असतानाच औषधांच्या ऑर्डरी तयार ठेवायचे, नंतर पेशंट पोचून रजिस्ट्रेशन होईपर्यंत ऑर्डरच टाकता येईना. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तेच सॉफ्टवेअर सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलात बसवलं तिथे मृत्यू वाढले नाहीत. म्हणून म्हणतो, मुंबईत पास झालेली सिस्टिम गडचिरोलीत पास धरू नका.

तपासायची पद्धत तयार आहे. अमेरिकेत लीपफ्रॉग नावाच्या संस्थेची टेस्ट आहे, इंग्लंडमध्ये ईप्रेझ आहे. खोटे पेशंट सिस्टिममध्ये टाकायचे, त्यांना मुद्दाम घातक ऑर्डरी लिहायच्या आणि सिस्टिम अडवते का ते बघायचं. पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवलेल्याला अमॉक्सिसिलिन (तेही पेनिसिलिनच), रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असलेल्याला बुरशीवरचं फ्लुकोनाझोल (दोन्ही एकत्र गेली तर रक्तस्राव होऊ शकतो), वजनच न टाकलेल्या बाळाचा डोस, आणि अर्थातच रोजचं मेथोट्रेक्सेट. उलटं पण बघा, साध्या पॅरासिटामॉललाही लाल खिडकी उघडत असेल तर शिकाऊ डॉक्टर इशारा न वाचता ओके ओके दाबत सुटतात, मग खरा इशारा पण त्यातच जातो. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ल्याने बंद पडले तेव्हा काम कागदावर आलं होतं, म्हणून रात्री दोनला नेट गेलं तर चारचा डोस कुठला हे सिस्टरला कुठे दिसणार, तेही टेस्टमध्ये घाला.

टेंडरमध्येच लिहा की ही टेस्ट पास झाल्याशिवाय बिल निघणार नाही, प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ती परत होईल आणि रिझल्ट वेबसाइटवर टाकला जाईल. खोटे पेशंट बनवायला माणसं कमी पडत असतील तर ड्युटी संपल्यावर थांबायला मी तयार आहे.

आपला,
एक हॉस्पिटल फार्मासिस्ट