धुवारीत निघू नकोस

चि. पराग,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "बाबा, संक्रांतीला रात्री दोनला संभाजीनगरहून निघतो, समृद्धीने येतो, सकाळच्या पोह्यांना घरी." तुझी आई खुश होती, म्हणून मी गप्प बसलो. पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि विषय बदलतोस.

दोनला निघालास तर साडेपाचच्या सुमारास धामणगाव-पुलगावच्या पट्ट्यात असशील. जानेवारीत आभाळ मोकळं, वारा पडलेला, दोन्ही बाजूंना गहू-हरभऱ्याला पाणी दिलेलं. अशा रात्री जमीन गार पडते आणि धुकं धरतं, धुवारी उठते. पहाटे ती सगळ्यात दाट, वर्धा नदीच्या पुलाजवळ आणि खोलगट भागात तर जास्तच. नागपुरात आपल्याला चांदणं दिसत असतं आणि तिकडे तीस-चाळीस पावलांपलीकडे काही नसतं.

समृद्धीवर कारला १२०ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर ५० मीटरच दिसत असेल, तर उभा ट्रक दिसल्यापासून तू दीड सेकंदात त्याच्यावर आहेस, आणि दीड सेकंद तर पाय ब्रेकवर जायलाच लागतो. ४०वर तीच गाडी पंचवीस-तीस मीटरमध्ये थांबते. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल, तेवढाच वेग. काटा डोळ्यांनी पाहायचा, अंदाजावर राहायचं नाही. धुवारीत कडेची झाडं पळताना दिसत नाहीत, म्हणून ८० सुद्धा ५०सारखा वाटतो.

आता माझीच फजिती सांगतो. ९१-९२ साल असेल. कळमन्याच्या बाजारातून ट्रकमध्ये संत्री भरून जबलपूर रोडने दिल्लीला निघालो होतो. तेव्हा त्याला सात नंबर म्हणत, आता चव्वेचाळीस. देवलापारच्या अलीकडे बोनटही दिसेना. तेवढ्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवा सापडला आणि मला देव भेटल्यासारखं झालं. क्लीनरला म्हटलं, झोप निवांत. दिवा जाईल तिकडे मी. थोड्या वेळाने दिवा डावीकडे सरकला, मीही सरकलो. चाकाखाली खडी वाजली, मग काहीतरी कडाडलं. उतरून पाहतो तर ढाब्याचं अंगण, आणि पुढच्या चाकाखाली बाज. बाजेवर कोणी नव्हतं, ढाबेवाला नुकताच चूल पेटवायला उठला होता. अंथरूण अजून ऊबदार होतं. चाकात गुंतलेली नवार सोडवताना माझी बोटं चालेनात. त्याने आधी शिव्या दिल्या, मग चहा दिला, मग बाजेचे पैसे घेतले.

तेव्हापासून मी कोणाच्या लाल दिव्यामागे गेलो नाही. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरायची. मधली रेघ धरायची नाही, सगळेच तिला चिकटतात.

अप्पर मारायचा नाही. दुधाच्या भिंतीवर बॅटरी मारल्यासारखं होतं, सगळा उजेड आपल्याच डोळ्यांत परत येतो. डिपरवर ठेव, खालचे फॉग लाइट असतील तर तेही. आणि हल्ली जो तो चारही इंडिकेटर लावून पळतो, त्याचा मला भारी राग येतो. मागच्याला कळतच नाही की बावा उभा आहे, चालतोय की वळतोय. ते गाडी बंद पडली तरच लावायचे. तेव्हाही गाडीत बसून राहू नकोस. रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभा राहा आणि तिथून फोन कर. आतून काच धुरकटली तर फडका मारत बसू नकोस, एसी लावून वारा काचेवर सोड.

शिवमडक्याला समृद्धीवरून उतरलास की घर आलं असं वाटेल. तिथून पुढे उलट जास्त जपायचं. उसाची नाही, पण कापसाची ट्रॉली असते, मागे ना दिवा ना रेडियम, आणि दुधाच्या कॅन लटकवलेल्या मोटारसायकली.

माझं ऐकशील तर दोनला निघूच नकोस. सहाला चहा घेऊन नीघ. तू कारंजा ओलांडेपर्यंत ऊन चढलेलं असेल. पोहे नाही तर जेवण. तर्री मी झाकून ठेवतो, तुझी आई दोनदा गरम करून देईल, आणि कुरकुर करेल, ती ऐकून घे.

एक राहिलं. दिवाळीला आलास तेव्हा तुझ्या गाडीचा मागचा उजवा दिवा लागत नव्हता. नव्या गाड्यांत पुढचे दिवसाचे दिवे आपोआप लागतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळे लागलेत. मागे अंधारच असतो. स्विच स्वतः फिरवायचा, आणि निघण्याआधी बल्ब बदलून घे.

तुझे बाबा