शुगर मोजता, पायांतला जोर कधी मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं वय ७६. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत झाली, माझी पंचाहत्तरी झाल्यापासून साताऱ्याहून वाईला बहिणीकडे महिन्याला एक खेप ठरलेली. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र प्रवास फुकट असूनही मला गाडीत चढता येईना. एसटीची पहिली पायरी केवढी उंच! पाय वर ठेवला, पण अंग काही उचललं जाईना. मागे रांग खोळंबली. शेवटी कंडक्टरने ‘आजी, हात द्या’ म्हणत वर ओढून घेतलं. गुडघा दुखत नव्हता, चक्कर नव्हती. पायात जोरच नव्हता.

त्याआधी दहा-अकरा दिवस तापाने अंथरुणाला खिळले होते. रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांचा कागद मिळाला आणि ‘आराम करा’ असं सांगितलं गेलं. तो मी इमानेइतबारे केला. उतारवयात नुसतं दहा दिवस पडून राहिलं तरी पायांचे स्नायू किती घटतात, हे तेव्हा कोणी बोललं नाही. मी एकटी राहते. मुलगा बेंगळुरूहून फोनवर शुगर-बीपी विचारतो, मी आकडे सांगते, दोघंही खूश! ओला टॉवेल पिळताना, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना हात हरतोय, हे कुठल्या रिपोर्टात येणार? मीही ते ‘वय झालं’ या खात्यावर टाकून मोकळी.

शेजारची मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घडी घालायला लावले आणि मोबाइलवर वेळ लावून पाच वेळा उठबस करायला सांगितली. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषाप्रमाणे याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पुढची तपासणी करून घ्यावी. मला १९ लागले, तेही चौथ्या खेपेला हात टेकून, म्हणजे नापासच. पकड मोजायचं यंत्रही असतं. बायकांची पकड १८ किलोच्या आणि पुरुषांची २८ किलोच्या खाली गेली तर ती कमी धरतात. या स्नायूझिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. नाव १९८९ पासूनचं आहे, पण मला ते पंचाहत्तरीनंतर कळलं.

मग तिने जेवण विचारलं, तेव्हा खरी चोरी पकडली गेली. ‘एकटीसाठी कुठे कुकर लावायचा’ हे आम्हा एकट्या बायकांचं ठरलेलं वाक्य. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी नि वाटीभर पातळ वरण, रात्री मेतकूट-भात नाहीतर दूध-पोळी. चतुर्थीला साबुदाणा, आणि त्यात प्रथिनं असलीच तर दाण्याच्या कुटाची. बेरीज केली तर दिवसाला तीस ग्रॅमच्या पुढे जाईना. माझं वजन ५४ किलो. म्हातारपणी किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. आता दोन अंडी, घट्ट वरण, मूठभर भाजलेले दाणे, रात्री उसळ किंवा पनीर असं चालू आहे. (मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझं ऐकू नये.)

चालण्याबद्दलही माझा गैरसमज होता. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं चालले आणि तेवढ्यात सगळं आलं असं धरून बसले. चालणं चांगलंच, पण स्नायूंना वजन पेलायला लावावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आमच्या वयालाही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, शिवाय तोल सांभाळण्याचा सराव. आणि उशीर झाला म्हणावं तर १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! मी ओट्याला धरून टाचा उचलते, खुर्चीवरून उठबस करते, पाण्याच्या लिटरभर बाटल्या वरखाली करते. तीन महिन्यांनी पाच उठबशांचे १९ सेकंद १३ वर आले. कंडक्टरचा हात अजून लागतो, पण त्याला ओढावं लागत नाही.

माझी मागणी ज्येष्ठ नागरिक संघांकडे आणि नगरपालिकेच्या आरोग्य शिबिरांकडे आहे. तिथे शुगर, बीपी, डोळे तपासतात, फळं वाटतात, पाहुण्यांची भाषणं होतात. त्याच मांडवात एक बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि वेळ मोजायला एक पोरगं बसवा. रुग्णालयांनीही घरी सोडताना गोळ्यांच्या कागदावर ‘रोज किती वेळा खुर्चीवरून उठबस करायची’ याची एक ओळ लिहावी. आमच्या संघाच्या चिटणीसांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘यंत्रसामग्रीला बजेट नाही.’ पुढच्या शिबिराला खुर्ची मी घरून आणते, असं त्यांना कळवलं आहे.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा