आजार औषधाला दाद देईना, तेव्हा

बॉस्टन, रविवार

तीर्थस्वरूप काका यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

काकूकडून कळलं, पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची रक्तातली खूण) पुन्हा वाढलंय आणि "पथ्यात मीच कमी पडलो" म्हणून तुम्ही जेवण तोडलंय. काका, ते आधी मनातून काढा. तुमचं काहीही चुकलेलं नाही. माझं इथलं काम याच प्रश्नावर आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. तो तोडला की आजार मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. तुमचं इंजेक्शन तेच करतं. एन्झालुटामाइडची गोळी हार्मोन पेशीत जिथे जाऊन बसतो ती जागा अडवते. पण गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. आपल्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीचं झालं तसंच: ज्या अळ्यांना विष बाधलं नाही, त्यांचीच पिलावळ वाढली. त्यात जिंतूरच्या शेतकऱ्याचा काय दोष?

कोणतं जनुक गेलं की पेशी औषधाला जुमानत नाही, हे आम्ही शोधतो. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. क्रिस्परनं (जनुक कापायच्या तंत्रानं) त्यातलं कुठलं तोडायचं ते दाखवणारे छोटे आरएनए विषाणूमार्फत सोडायचे, एका पेशीत शक्यतो एकच. मग काही आठवडे पेशी औषधात वाढवायच्या आणि उरलेल्यांचा डीएनए वाचायचा. जे आरएनए जास्त सापडतात, त्यांचं जनुक तुटल्यानं पेशी तगली. जे घटतात, त्यांचं जनुक तुटल्यानं पेशी औषधापुढे टिकली नाही; तेच मला जास्त मोलाचे वाटतात. ते जनुक अडवलं तर तेच औषध पुन्हा लागू पडू शकेल.

पेशी मात्र फार नाजूक. आमच्या एलएनकॅप नावाच्या, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी १९७७ साली एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून घेतलेल्या. ताटलीला इतक्या सैल चिकटतात की वरचा द्रव बदलताना हात जरा जोरात पडला, तर थरच सुटून तरंगतो. काठाकाठानं थेंब थेंब सोडावा लागतो.

हे सारं अजून ताटलीतलं आहे, तुमच्यापर्यंत पोचायला वर्षं लागतील. खोटी आशा देत नाही. पण संभाजीनगरला दाखवायला जाल तेव्हा जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि बीआरसीए२ या जनुकाची तपासणी करायची का, एवढं विचारा. त्यात बिघाड निघाला तर ओलापरिब नावाची वेगळी गोळी आहे. इंजेक्शन मनानं बंद करू नका. आणि पोटभर जेवा.

तुमची,
सुमन