मालक असलेल्या युनिक्सचा भरवसा

मा. संपादक,
स. न.

संगणक चालवणारी प्रणाली म्हणून कंपन्यांच्या मालकीचे, विकतचे युनिक्स घ्यावे की कोणालाही वापरता-बदलता येणारे मुक्त लिनक्स, यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. विषय घेतलात, आभारी आहे. पण ‘लिनक्सला मालक नाही, बंद पडले तर फोन कोणाला करणार?’ हा लेखकाचा मुद्दा अजिबात पटला नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळत असे. पगारपत्रक आणि स्टोअरचा हिशेब विकतच्या युनिक्सवर चालायचा. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची रक्कम, वेळच्या वेळी भरलेली. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचेसुद्धा वेगळे पैसे मोजलेले. ऐन दिवाळीच्या तोंडावर मशीनचा बोर्ड गेला. नवा बोर्ड आला, पण परवाना जुन्या मशीनच्या क्रमांकाला बांधलेला. नवी लायसन्स की मागितली, तर विक्रेता नवीन मशीनचे कोटेशन घेऊन हजर! फोन उचलणारा माणूस होता, संपादक महोदय. त्याच्या हातात काही नव्हते. बोनसची यादी आम्ही हाताने केली, कामगार खिडकीपाशी ताटकळले. त्यांचे चेहरे मी विसरलेलो नाही.

मालक असला की दुकान कधी बंद करायचे हेही तोच ठरवतो. एचपी-यूएक्स हे एचपी कंपनीचे युनिक्स ज्या इटॅनियम प्रोसेसरवर चालायचे, तो पुरवणे इंटेलने 2021 साली थांबवले आणि एचपी-यूएक्सचा नियमित सपोर्ट 31 डिसेंबर 2025 ला संपला. लेखात याचा उल्लेखही नाही.

मुक्त प्रणालीही पारखूनच घ्यावी लागते. सेंटओएस 8 या मोफत लिनक्सला 2029 पर्यंत अपडेट मिळणार होते, ते त्यामागच्या कंपनीने 2021 अखेरीसच थांबवले. पण तेव्हा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला होता म्हणून त्याच्या जागी चालणाऱ्या रॉकी आणि अल्मा या प्रणाली उभ्या राहिल्या, लोकांची कामे अडली नाहीत. एका कंपनीच्या मर्जीवर राहायचे नसेल तर डेबियन हे लिनक्स आहे, युनिक्सच्या घराण्यातले मुक्त फ्रीबीएसडी आहे. दोन्ही 1993 पासून सुरू आहेत. युनिक्सवरच्या जुन्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या तयार फायली, त्यांवर थोड्याफार फेरफाराने चालतात. फोन करायला माणूस हवाच असेल तर लिनक्सचाही सपोर्ट पैसे देऊन मिळतो. अंबडचे लघुउद्योजक आणि इथल्या पतसंस्था असे लेख वाचून खरेदी ठरवतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आणखी एक. बुधवारचे संगणकाचे सदर बंद करून तिथे फ्लॅटच्या जाहिराती का छापता? ते सदर कृपया पुन्हा सुरू करावे.

आपला,
एक निवृत्त संगणक विभागप्रमुख,
सातपूर, नाशिक