सगळ्यांचे केस सरळच कशाला?

संपादक महोदय,

लग्नसराई आली की माझ्या पार्लरमध्ये बहुतेक मुली मोबाईलवर एकच फोटो पुढे करतात: सुतासारखे सरळ केस, मधोमध भांग.

एकसारखेपणा पूर्वीही होताच. शाळेत लाल रिबिनीच्या दोन वेण्या सक्तीच्या. १९६० च्या 'लव्ह इन सिमला' सिनेमानंतर त्यातल्या नायिकेच्या, साधनाच्या, झुलपांची म्हणजे साधना कटाची लाट आली. माझ्या आईनेही आजीच्या शिव्या खात कपाळावर झुलपं कापली होती. पण केस वाढले की प्रकरण मिटायचं. आता केसांची जातच बदलून हवी असते.

परवा बारावीतली एक मुलगी आली. दाट, कुरळे, फणी अडकावी असे केस. ग्रुपमध्ये तिला 'मॅगी' म्हणतात. आई म्हणाली, "ताई, पैसे घ्या, पण हिची रोजची रडारड थांबवा."

स्ट्रेटनिंगचं क्रीम केसांतले बंध तोडतं, न्यूट्रलायझर ते सरळ आकारात पुन्हा जोडतो. मुळाशी मात्र कुरळेच उगवतात, म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा खुर्चीत! (माझा धंदा त्यावरच चालतो, नाकारत नाही.) केस सरळ-मऊ करणाऱ्या काही केराटिन उत्पादनांतून तर गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू बाहेर पडतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. गिऱ्हाइकाने बाटलीवरचे घटक वाचायला मागावेत आणि आम्ही ते दाखवावेत.

आणि तुमच्या रविवार पुरवणीत केशरचनेच्या पानावर एखादी कुरळ्या केसांची मुलगी छापा की!

– एक पार्लरचालिका, कराड