तिरपिट्झ झालं, आता मालवाहू बोटींवरच्या माणसांबद्दल पण लिहा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या आर्क्टिकच्या लढायांवर अख्खं पान आलं, बरं वाटलं, आपल्याकडे स्टालिनग्राड आणि नॉर्मंडीच्या पुढे सहसा कोणी जात नाही. पण पान संपलं तरी ज्या मालवाहू बोटींसाठी ही सगळी मारामारी चालली होती त्यांच्यावर कोण होतं, ते काय नेत होते, याच्या दोन ओळी पण नाहीत. सगळी जागा तिरपिट्झ आणि शार्नहोर्स्ट या जर्मन युद्धनौकांनी खाल्ली. मी इंजिन रूममधे नोकरी केलेला माणूस, मला जरा जास्तच खटकलं असेल, तरी लिहितो.

जून १९४१ मधे हिटलर रशियावर चालून गेला आणि ऑगस्टअखेर आइसलंडहून रशियासाठी माल घेऊन निघालेला पहिला कॉन्व्हॉय, म्हणजे युद्धनौकांच्या संरक्षणात एकत्र जाणारा बोटींचा ताफा, उत्तर रशियातल्या आर्खांगेल्स्क बंदराला पोचला सुद्धा. तिथून मे १९४५ पर्यंत ७८ कॉन्व्हॉय, जवळजवळ १४०० व्यापारी बोटी, ४० लाख टनांच्या आसपास माल. रणगाडे, विमानं, ट्रक, दारूगोळा, पेट्रोल, डबाबंद खाणं, बूट. इराणमार्गे आणि पॅसिफिकमधून मिळून जास्त माल गेला हे खरंय, पण त्या वाटा लांबच्या, ही सगळ्यात जवळची आणि सगळ्यात वाईट.

वाईट का, तर एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला जर्मनांच्या ताब्यातला नॉर्वे. हिवाळ्यात बर्फाची कड खाली सरकते म्हणजे बोटींना नॉर्वेच्या अजून जवळून जावं लागायचं, अंधार असायचा तेवढाच फायदा. उन्हाळ्यात बर्फ मागे हटतो पण सूर्य मावळतच नाही, मग जर्मन विमानं चोवीस तास मोकळी. आणि कॉन्व्हॉयचा वेग म्हणजे त्यातल्या सगळ्यात हळू बोटीचा वेग, मागे राहिलात तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

लाटेचं पाणी डेकवर पडलं की तिथेच गोठायचं, रेलिंगवर, डेरिकवर (माल चढवायच्या क्रेनवर), दोरखंडांवर. वर वजन वाढलं की बोट एका बाजूला कलली तर परत सरळ होईलच असं नाही, म्हणून कुऱ्हाडी, हातोडे, वाफेचे होज घेऊन बर्फ फोडत बसायचं, फोडून होईपर्यंत नवा साचलेला. खाली बॉयलरपाशी घाम निघतोय आणि शिडी चढून वर आलात की हाडं गोठवणारी थंडी. टॉर्पेडो लागतो तो पाण्याच्या रेषेखाली, म्हणजे वॉचवर (पाळीवर) असलेल्या इंजिनवाल्यांच्या अंगावरच. शिड्या चढून वर पोचलात तरी त्या पाण्यात माणूस काही मिनिटं टिकायचा.

पीक्यू १७ नावाच्या कॉन्व्हॉयबद्दल तुमच्या लेखात एक वाक्य होतं, त्यावर खरं तर अख्खं पान हवं. जून १९४२ च्या शेवटी पस्तीसेक बोटी आइसलंडहून निघाल्या. ४ जुलैला लंडनमधून ब्रिटिश नौदलाचे प्रमुख ॲडमिरल डडली पाउंड यांचा हुकूम आला की कॉन्व्हॉय फोडा, पांगा, कारण तिरपिट्झ येईल अशी भीती. संरक्षणाच्या मोठ्या युद्धनौका मागे फिरल्या, आणि तिरपिट्झ कॉन्व्हॉयपर्यंत पोचलीच नाही, दुसऱ्या दिवशी बाहेर पडून त्याच दिवशी परत गेली! एकट्या पडलेल्या बोटी पाणबुड्या आणि विमानांनी टिपल्या. २४ बुडाल्या, १५३ व्यापारी खलाशी गेले, ४३० रणगाडे आणि २१० विमानं तळाला. पाउंड यांना दोष द्यायचा की नाही यावर अजून वाद घालतात लोक, माझ्या मते हजारो मैलांवरून, तिथल्या कमांडरला न विचारता असा हुकूम काढणं चूकच.

त्याच गोंधळात लिओ ग्रॅडवेल नावाचा एक माणूस होता, शांततेच्या काळात वकील, युद्धात एअरशायर नावाच्या मासेमारीच्या ट्रॉलरचा कप्तान झालेला. त्याने ट्रूबॅडोर, आयर्नक्लॅड आणि सिल्व्हर स्वॉर्ड या तीन मालवाहू बोटी बरोबर घेतल्या आणि सगळे जीव वाचवायला बर्फापासून लांब पळतात तर हा सरळ बर्फात घुसला. एका बोटीवर पांढरा रंग सापडला, तो बोटींना फासला, उरलेल्या ठिकाणी चादरी पसरल्या, आणि डेकवर माल म्हणून बांधलेल्या रणगाड्यांच्या तोफा भरून ठेवल्या, मालाचंच हत्यार. वरून जाणाऱ्या विमानांना नुसता बर्फ दिसला. तिन्ही बोटी आर्खांगेल्स्कला पोचल्या. आता सांगा, ही गोष्ट पुरवणीत यायला नको?

व्यापारी खलाशी म्हणजे सैनिक नव्हे, पगारावर काम करणारा माणूस. मे १९४१ पर्यंत तर ब्रिटिश खलाशाचा पगार बोट बुडाली त्या दिवसापासून बंद व्हायचा, आर्क्टिक कॉन्व्हॉय सुरू होण्याच्या थोडं आधी तो नियम बदलला एवढंच. आणि आर्क्टिक स्टार नावाचं वेगळं पदक मिळायला २०१३ उजाडलं, तोवर बहुतेकजण देवाघरी. रशियाला त्यांना उशाकोव्ह पदक द्यायचं होतं तर ब्रिटिश सरकारने आधी त्यालाही नाही म्हटलं. काय बोलायचं!

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी बोटींवर हजारो हिंदुस्थानी खलाशी होते, रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेटचे, बॉयलरवरचे आगवाले, इंजिनाचे तेलवाले, खलाशांचे मुकादम म्हणजे सारंग, आणि अटलांटिकपासून हिंदी महासागरापर्यंत सहा हजारांच्या वर गेले. त्यांच्यावर किती छापून आलंय? मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधे पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांची दोन हजारांवर नावं पाट्यांवर आहेत, बाजूच्या रस्त्याने रोज लोकलला पळणाऱ्यांना पत्ता नाही.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी मालवाहू बोटींना एक पान द्या, आणि कोकणातल्या वाचकांना विचारा की कोणाच्या पेटीत आजोबांची किंवा पणजोबांची नली, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, अजून आहे का. त्यात कोणती बोट, कधी चढले, कधी उतरले सगळं लिहिलेलं असतं. फक्त मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा, मूळ कागद पोस्टाने मागवू नका, असले कागद गहाळ झाले की परत मिळत नाहीत.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, दापोली